ऑफिसचा जुना सीपीयू आणि घरातलं गेमिंग

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा पाठिंबा संपला. विंडोज ११ ला इंटेलचा असल्यास आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मदरबोर्डवर असावी लागते. त्यामुळे बँका, विमा कंपन्या, कॉल सेंटर, आयटी कंपन्या यांच्याकडचे व्यवस्थित चालणारे कितीतरी संगणक एका तारखेने नियमाबाहेर गेले. एरवीही मोठ्या कंपन्या तीन ते पाच वर्षांनी संगणक बदलतातच. ते ठोक भावात लॉटने विकले जातात. दिल्लीचं नेहरू प्लेस आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड ही या व्यापाराची जुनी ठाणी. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क आणि प्रोडेस्क, लेनोव्होचे थिंकसेंटर असे हे काळे-करडे डबे धूळ झटकून, नवी एसएसडी घालून पुन्हा विक्रीला येतात. त्यांनाच आपण रिफर्बिश्ड म्हणतो.

इंदूरच्या स्नेहलतागंजात राहणाऱ्याला असा डबा बघायला लांब जावं लागत नाही. जेलरोड हाकेच्या अंतरावर आहे, आणि संगणकासाठी इंदूरकर आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये जातातच. बारावी झालेल्या किंवा एसजीएसआयटीएस या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळालेल्या मुलाला गेमिंगचा पीसी हवा असतो. आई-बाबांचा आकडा वीस-पंचवीस हजारांपाशी थांबलेला असतो, आणि नव्या गेमिंग पीसीचं गणित त्यात बसत नाही. मग दुकानात ऐकू येतं, ‘भिया, आय-सेवन है, सोलह जीबी रैम है, चार जीबी का ग्राफिक कार्ड है, सब चलेगा.’

या वाक्यातला आकडा न् आकडा खरा असू शकतो आणि तरीही त्या संगणकावर मुलाला हवा तो गेम चालत नाही, असं होऊ शकतं. आय-सेवन कोणत्या पिढीचा, सोळा जीबी एका पट्टीत की दोन, कार्डाचं नाव काय, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे सगळं कोणत्या कॅबिनेटमध्ये आणि कोणत्या एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या पेटीवर, उभं आहे, यातलं काहीच त्या वाक्यात नाही. माझं सांगणं एवढंच आहे की रिफर्बिश्ड गेमिंग पीसी निवडताना आधी डबा निवडावा. प्रोसेसर, रॅम, एसएसडी, कार्ड हे सगळं पुढे बदलता येतं. कॅबिनेट आणि एसएमपीएस यांनी घातलेली मर्यादा मात्र सहजी ओलांडता येत नाही, आणि नेमकी तीच दुकानात कोणी दाखवत नाही.

त्याआधी एक प्रश्न घरातच सोडवून घ्यायचा. मुलगा खेळणार काय? ‘गेमिंग’ या एका नावाखाली फार वेगवेगळ्या भुका असतात. व्हॅलोरंट हा गेम मुद्दाम हलका ठेवलेला आहे. सेकंदाला ६० फ्रेमसाठी त्याच्या निर्मात्यांनी जीटी ७३० सारखं साधं कार्ड पुरेसं मानलं आहे, आणि १४४ फ्रेमसाठी जीटीएक्स १०५० टीआय. जीटीए ५ ची संगणकावरची मूळ आवृत्ती २०१५ सालची. तिच्यासाठी सुचवलेला इंटेलचा प्रोसेसर होता आय-फाइव्ह ३४७०, म्हणजे २०१२ च्या ऑप्टिप्लेक्स ७०१० मध्ये अगदी सर्रास सापडणारा. हे झालं एक टोक. दुसऱ्या टोकाला डिसेंबर २०२४ मध्ये आलेला इंडियाना जोन्सचा गेम आहे. रे-ट्रेसिंगची सोय कार्डातच नसेल तर तो सुरूच होत नाही, त्यामुळे जीटीएक्स मालिकेतलं कुठलंही कार्ड तिथे उपयोगाचं नाही. मधल्या पट्ट्यात काउंटर-स्ट्राइक २ येतो. तो प्रोसेसरवर बराच भार टाकतो आणि ८५ जीबी जागा मागतो. रेड डेड रिडेम्प्शन २ ला १५० जीबी लागतात. ज्याला अजून २००६ चा क्रिकेट ०७ खेळायचा आहे त्याला या लेखातलं निम्मं काही लागणार नाही. कुठलाही ऑफिसचा डबा त्याला पुरे. मुलाकडून चार गेमची नावं कागदावर लिहून घ्या आणि तो कागद घेऊनच दुकानात जा.

आता प्रोसेसर. इंटेलच्या नावात आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेवन ही त्या वर्षीच्या मालातली प्रत आहे. माल कोणत्या वर्षीचा हे पुढच्या आकड्यावरून कळतं. आय-फाइव्ह ८५०० मधला ८ म्हणजे आठवी पिढी, १०५०० मधला १० म्हणजे दहावी. आय-सेवन २६०० हा २०११ चा. चार कोर, आठ थ्रेड. आपल्या काळात तो राजा होता. पण २०२० चा आय-थ्री १०१००, त्यालाही चार कोर आणि आठ थ्रेड, हा त्याच्या कितीतरी पुढे आहे. सहाव्या-सातव्या पिढीच्या आय-सेवनच्या पंक्तीत बसणारा आहे तो. इंटेलने ऑफिसच्या साध्या आय-फाइव्हला सहा कोर दिले ते आठव्या पिढीत, २०१७-१८ च्या सुमारास. त्याआधीच्या बहुतेक आय-फाइव्हना चारच कोर आणि चारच थ्रेड. आजच्या गेममध्ये हे चार थ्रेड पूर्ण भरून जातात आणि खेळ मध्येच अडखळतो. सरासरी फ्रेम चांगले दिसत असूनही हाताला झटके जाणवतात ते यामुळे. आठवी पिढी ही विंडोज ११ चीही सीमारेषा आहे. एकाच ठिकाणी दोन्ही फायदे मिळतात, म्हणून पैसे थोडे जास्त गेले तरी मी तिथूनच सुरुवात करायला सांगतो.

आकड्याच्या शेवटचं अक्षरही वाचायचं. ‘टी’ असेल तर तो कमी विजेवर चालणारा, ३५ वॉटचा आणि मंद प्रोसेसर. पुस्तकाएवढ्या छोट्या डब्यांत बहुधा तोच असतो. मॉडेलच्या नुसत्या आकड्यावरही विसंबू नका. डेलने ७०१० हा आकडा २०१२ मध्ये वापरला आणि २०२३ मध्ये तेराव्या पिढीच्या यंत्रालाही पुन्हा तोच दिला. ‘७०१० आहे’ या दोन शब्दांत अकरा वर्षांचं अंतर लपू शकतं.

चौथी पिढी अगदीच टाकाऊ आहे का? नाही. आय-सेवन ४७९० असलेला चांगला टॉवर अगदी स्वस्तात मिळत असेल आणि गेमच्या यादीत २०१८ च्या पुढचं काही नसेल, तर तो पुष्कळ वर्षं आनंद देईल. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीला मात्र मी नकोच म्हणेन. एव्हीएक्स-२ नावाचा सूचनासंच त्या प्रोसेसरांत नाही, आणि अलीकडच्या काही गेमना तो लागतोच.

इथेच एका मालाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. काचेचा दरवाजा, रंगीत दिवे लागणारे चार पंखे, आणि वर ‘आय-सेवन गेमिंग पीसी’ अशी पट्टी असलेली यंत्रं हल्ली सगळीकडे दिसतात. आत डोकावलं तर बहुतेकदा एच-६१ चिपसेटचा बिनओळखीचा नवा मदरबोर्ड, त्यावर २०११-१२ चा वापरलेला प्रोसेसर, जीटी ७३० चं कार्ड आणि अगदी हलका एसएमपीएस. पैसा दिव्यांत आणि काचेत गेलेला असतो. त्याच किमतीला मिळणारा, दिसायला रुक्ष पण आठव्या पिढीचा ब्रँडेड टॉवर त्याहून फार सरस. तेरा-चौदा वर्षांचं इंजिन नव्या पत्र्याखाली बसवून विकायचं हा प्रकार मला मनापासून खटकतो, कारण फसतं ते कुटुंब दुसऱ्यांदा पैसे घालू शकत नाही.

आता डब्याकडे. ऑफिसचे डेस्कटॉप तीन आकारांत येतात. पहिला अगदी छोटा, डेल त्याला मायक्रो म्हणते, लेनोव्हो टायनी, एचपी मिनी. यात ग्राफिक कार्डाला सहसा जागाच नसते, त्यामुळे गेमिंगसाठी तो सोडून द्यायचा. दुसरा एसएफएफ, बाजारातला ‘स्लिम सीपीयू’. तिसरा टॉवर. लॉटमध्ये स्लिम सर्वांत जास्त येतात, कारण ऑफिसच्या टेबलावर तेच बसतात. म्हणून तेच स्वस्त असतात आणि तेच पुढे केले जातात. स्लिममध्ये कार्ड बसतं, पण निम्म्या उंचीचं, ज्याला लो-प्रोफाइल म्हणतात. अशी कार्डं मोजकीच मिळतात आणि त्याच ताकदीच्या पूर्ण उंचीच्या कार्डापेक्षा महाग पडतात. काही स्लिम डब्यांत एक्स-१६ ची मोठी खाच नेमकी कडेला, एसएमपीएसच्या भिंतीला लागून असते. तिथे दुहेरी जाडीचं कार्ड मावत नाही. टॉवर घेतला तर हा सगळा त्रास टळतो. स्लिम आणि टॉवर यांच्या किमतीत जो फरक असतो तो पुढे कार्ड घेताना सहज वसूल होतो, म्हणून टॉवरसाठी थांबावं लागलं तरी थांबावं.

एसएमपीएस हा त्याहून नाजूक विषय. ऑफिसच्या डब्यांत तो साधारण १८० ते ३२० वॉटचा असतो. आकडा वाचून पुष्कळांना वाटतं की बाजारातला ‘४५० वॉट’चा स्वस्त एसएमपीएस घालून टाकू. असं करण्याआधी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, नावाजलेल्या कंपनीचा २४० वॉटचा एसएमपीएस खरोखर २४० वॉट देतो, सतत देतो. अगदी स्वस्त मालावर छापलेल्या ४५० वर तेवढा भरवसा ठेवता येत नाही. दुसरी, तो जोडता येईलच असं नाही. २०१२ च्या ऑप्टिप्लेक्स ७०१० च्या मदरबोर्डवर नेहमीचं २४ पिनांचं जोड होतं. पुढच्याच पिढीपासून, म्हणजे ९०२० आणि ७०२० पासून, डेलने तिथे ८ पिनांचं स्वतःचं जोड आणलं. एचपीने ६ पिनांचं आणलं. लेनोव्होचंही वेगळंच आहे. जोडतारा मिळतात, पण डब्याचा आकार, स्क्रूंच्या जागा, पंख्याचं जोड हे सगळंच कंपनीचं खास असतं. मदरबोर्ड उचलून दुसऱ्या कॅबिनेटमध्ये टाकण्याचा बेतही याच कारणाने फसतो. पंखा सापडला नाही म्हणून यंत्र दर वेळी सुरू होताना अडून बसतं.

तेव्हा मूळ एसएमपीएस तसाच ठेवायचा आणि त्याला झेपेल असं कार्ड निवडायचं, हाच सरळ मार्ग. मदरबोर्डची खाच कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देते. वेगळी वीजतार न लागणारी कार्डं या मर्यादेत बसतात, आणि बजेट गेमिंगची सगळी मजा याच कार्डांत आहे. २०१६ चं जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी. २०१९ चं जीटीएक्स १६५०, ४ जीबी. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं रूप, जे ७० वॉटमध्ये चालतं. शेवटच्यात रे-ट्रेसिंगही आहे आणि डीएलएसएसही, म्हणजे कमी तपशिलाचं चित्र काढून ते मोठं आणि स्वच्छ करून दाखवण्याची युक्ती. जमत असेल तर हेच घ्यावं. घेताना मात्र आकडे नीट वाचावे लागतात. आरटीएक्स ३०५० चं ८ जीबीचं भावंड १३० वॉट घेतं आणि त्याला वेगळी तार लागते. जीटीएक्स १६५० च्याही काही कार्डांवर ६ पिनांचं जोड असतं. फोटोत कार्डाची वरची कड बघितली की ते कळतं.

एएमडीचं आरएक्स ६४०० लो-प्रोफाइलमध्ये मिळतं आणि फक्त ५३ वॉट खातं, म्हणून स्लिमवाल्यांना ते मोहात पाडतं. पण ते मदरबोर्डाशी चारच मार्गिकांनी बोलतं, आणि त्या चौथ्या पिढीच्या पीसीआयई वेगाच्या आहेत असं धरून केलेलं आहे. जुन्या मदरबोर्डवर तो वेग निम्मा होतो आणि कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की गेम अडखळतो. इंटेलच्या आर्क ए-३८० ला रीसाइझेबल बार ही सोय लागते. ती नसली की त्याचा जोर बराच कमी होतो, आणि ऑफिसच्या जुन्या बायॉसमध्ये ती सहसा नसतेच.

कार्डावरचे जीबी ही दुसरी भूल. ४ जीबीचं जीटी ७३० हे २ जीबीच्या जीटीएक्स १०५० च्या जवळपासही फिरकत नाही. मेमरी किती आहे यापेक्षा ती किती वेगाने पोचते आणि चिप कोणती आहे हे महत्त्वाचं. जीटी १०३० तर एकाच नावाने दोन प्रकारांत विकलं गेलं. जीडीडीआर-५ मेमरीचं बरं, डीडीआर-४ मेमरीचं फारच मंद. खोकं सारखंच.

वापरलेलं कार्ड घ्यावं की नाही? १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली, ग्राफिक कार्डांवर ते ‘खणणं’ बंद पडलं आणि वर्षानुवर्षं दिवसरात्र चाललेली कार्डं बाजारात आली. आरएक्स ५८० त्यांत फार. ते स्वस्त दिसतं, पण १८५ वॉट खातं, म्हणजे आपल्या डब्याच्या एसएमपीएसला ते झेपणारच नाही. शिवाय ‘२०४८ एसपी’ असं शेपूट असलेलं आरएक्स ५८० प्रत्यक्षात आरएक्स ५७० च्या ताकदीचं असतं. बनावट कार्डंही आहेत. फार जुन्या चिपवर बायॉस बदलून तिला जीटीएक्स १०५० टीआय असं नाव दिलेलं असतं. जीपीयू-झेड हा छोटा मोफत प्रोग्रॅम लावला की अशा नकली एनव्हिडिया कार्डांच्या नावामागे तो ‘फेक’ असं लिहून दाखवतो. कार्ड वापरलेलं घ्यायचं असेल तर पैसे मोजण्याआधी हा प्रोग्रॅम लावू द्या असं सांगावं. प्रामाणिक दुकानदार त्याला ना म्हणत नाही.

आणि आता प्रत्यक्ष दुकानात. टॉवर समोर ठेवला की आधी त्याच्या पाठीवरची किंवा कडेची चिठ्ठी शोधायची. डेलच्या डब्यावर सात अक्षर-अंकांचा सर्व्हिस टॅग असतो. तो फोनवरून डेलच्या सपोर्टच्या पानावर घातला की हे यंत्र कारखान्यातून कधी निघालं आणि निघताना त्यात कोणता प्रोसेसर, किती रॅम, कोणती डिस्क होती हे दिसतं. एचपी आणि लेनोव्होचंही सीरियल क्रमांकावरून बरंच कळतं. टॅग खरवडलेला असेल, किंवा बाहेरचा टॅग आणि बायॉसमधला टॅग वेगळे असतील, तर तो मदरबोर्ड बहुधा मूळचा नाही.

मग बाजूचं झाकण उघडायला सांगा. यातल्या बहुतेक डब्यांची झाकणं एक खिट्टी ओढली की निघतात, पेचकस लागत नाही. प्रोसेसरवरच्या पंख्याकडे बघा. पात्यांच्या कडेला चिकटलेली धूळ काळी आणि तेलकट असेल तर यंत्र एखाद्या कारखान्यात किंवा रस्त्यालगत राहिलेलं असणार. पंखा बोटाने फिरवला तर न खरखरता दोन-तीन वळसे जायला हवा. त्याच्या भोवती उभे असलेले छोटे दंडगोल म्हणजे कॅपॅसिटर. त्यांची डोकी सपाट हवीत. एखादंही फुगलेलं किंवा तपकिरी ओघळ आलेलं दिसलं की तो बोर्ड तिथेच सोडायचा. रॅमच्या खाचांत दोन पट्ट्या आहेत का हे बघा. आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्ही वाटांनी एकदम वाचतो. सोळाची एकच पट्टी असेल तर एक वाट बंद. कार्ड नसताना, अंगच्याच ग्राफिक्सवर खेळायचं असेल, तर हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो. सहाव्या पिढीपासून बहुतेक डब्यांत डीडीआर-४ रॅम आहे, आणि २०२५ च्या अखेरीला रॅम जी महागली त्यानंतर डब्यात आधीपासून असलेल्या सोळा जीबीचं मोल वाढलेलं आहे. ती रॅम काढून कमी करून देत नाहीत ना, एवढं पाहावं. शेवटी एसएमपीएसवरच्या कागदावरचे वॉट वाचा आणि फोटो काढून ठेवा.

झाकण लावून यंत्र सुरू करा आणि थेट बायॉसमध्ये जा. डेलला एफ-२, एचपीला एफ-१०, लेनोव्होला बहुधा एफ-१. तारीख-वेळ चुकीची असेल तर सीआर २०३२ ची गोल बटण-बॅटरी संपली आहे, ते किरकोळ. अ‍ॅडमिन पासवर्ड मागत असेल तर मात्र थांबा. आधीच्या कंपनीने घातलेला पासवर्ड कोणी काढलेला नाही, आणि तो असेपर्यंत आपल्याला आतलं काही बदलता येणार नाही. त्याच जागी कॉम्प्युट्रेस किंवा अ‍ॅब्सोल्यूट असं नाव शोधा. चोरीला गेलेली यंत्रं शोधायची ती सोय आहे. ती चालू दिसली तर ते यंत्र घेऊ नये. नंतर टीपीएम आणि सिक्युअर बूट सुरू करता येतात का ते पाहा.

हा शेवटचा मुद्दा मुलांना सर्वांत जास्त नडतो. सातव्या पिढीच्या आणि त्याआधीच्या यंत्रांवर अट चुकवून विंडोज ११ बसवून देतात. पडद्यावर सगळं नवं दिसतं. पण व्हॅलोरंटबरोबर येणारा व्हॅनगार्ड हा फसवणूक रोखणारा प्रोग्रॅम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही तपासतो. ते नसेल तर गेम उघडतच नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या बॅटलफील्ड ६ लाही सिक्युअर बूट लागतंच. घरी नेल्यावर, रात्रभर डाउनलोड झाल्यावर ही गोष्ट कळते. कोणी लिनक्सचा सल्ला देईल. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ तिथे छान चालतात, स्टीमवरचे पुष्कळ गेमही चालतात, पण व्हॅलोरंट चालत नाही.

विंडोज उघडल्यावर डिस्क बघायची. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम एसएसडी किती तास चालली आणि तिची तब्येत किती टक्के उरली हे दाखवतो. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशनचं पान उघडा. ब्रँडेड यंत्रांत विंडोजचा परवाना बहुधा बायॉसमध्येच असतो, त्यामुळे तीच आवृत्ती नव्याने टाकली की आपोआप मान्य होते. ‘संस्थेच्या सर्व्हर’वरून मान्यता घेतल्याचं दिसलं तर ती जुगाडाने केलेली असते. अशी मान्यता १८० दिवसांची असते आणि तो जुगाड करणाऱ्या प्रोग्रॅममधून आणखी काय आत आलं हे सांगता येत नाही. मग अर्धा तास एखादा जड गेम, निदान त्याचा बेंचमार्क, चालवून बघा. एचडब्ल्यू-इन्फोमध्ये प्रोसेसरचं तापमान सतत नव्वदीच्या पुढे राहत असेल तर बहुधा थर्मल पेस्ट वाळलेली आहे. ती बदलून मागा, हे काम पंधरा मिनिटांचं आहे. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि जानेवारीत दुकानात दिसलेलं तापमान तेव्हा आणखी वर जाणार हे लक्षात ठेवावं.

डब्याच्या किमतीत न दिसणारे खर्च थोडक्यात. ऑफिसच्या डेस्कटॉपमध्ये वाय-फाय सहसा नसतं. डोंगल घ्या, किंवा राउटरपासून लॅनची तार ओढा. ऑनलाइन गेमला तारच चांगली. जुन्या ऑप्टिप्लेक्सना एचडीएमआय नसतं, डिस्प्लेपोर्ट आणि व्हीजीए असतात. उलट, जीटीएक्स १०५० टीआयपासून पुढच्या कार्डांतून व्हीजीएचा संकेत बाहेर येतच नाही, म्हणून घरातला जुना मॉनिटर जोडायला वेगळा कन्व्हर्टर लागेल. मोठे गेम खेळायचे तर एसएसडी निदान ५०० जीबीची हवी.

बिल जीएसटीचं घ्या, आणि त्यावर यंत्राचा सीरियल क्रमांक लिहून घ्या. कच्च्या बिलावर ‘टेस्टिंग वॉरंटी’ असं तोंडी सांगितलेलं असतं. ती किती दिवसांची, त्यात एसएमपीएस आणि एसएसडी येतात का, हे बिलावरच लिहून मागा. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांत रिफर्बिशरला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. मोठ्या विक्रेत्याला त्याबद्दल विचारायला हरकत नाही. ऑनलाइन मागवलं आणि माल वेगळाच निघाला, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे करता येते. विक्रेता दिल्लीचा असला तरी दाद इंदुरात मागता येते. त्यासाठी खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ हाताशी असावा.

पंचवीस हजारांत सगळं एकदम बसत नसेल, आणि बहुधा बसत नाही, तर खरेदीचे दोन हप्ते करावेत. आधी आठव्या किंवा नवव्या पिढीचा आय-फाइव्ह असलेला टॉवर, दोन पट्ट्यांत सोळा जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी. त्यातल्या यूएचडी ६३० या अंगच्या ग्राफिक्सवर व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट आणि जुने क्रिकेटचे गेम सेटिंग्ज कमी ठेवून चालतात, आणि कॉलेजचं सगळं काम होतं. रायझन ५ प्रो २४०० जी असलेला एचपीचा एलिटडेस्क ७०५ जी-४ कुठे मिळाला तर तोही बघावा. त्याचं अंगचं ग्राफिक्स इंटेलपेक्षा बरंच जोरदार आहे, पण तो प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही हे विचारात घेऊन भाव करावा. ग्राफिक कार्ड दिवाळीच्या पैशांत घ्यावं, वीजतार न लागणारं. तोवर एसएमपीएसचा तो फोटो फोनमध्ये ठेवायचा, कारण कार्ड घेताना दुकानदाराला पहिली तीच माहिती द्यावी लागेल.